वाशिमची मध्यरेषा आणि चौदा पळांची बाकी

वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. संस्कृत ग्रंथांत हे नाव अनेक ठिकाणी येते; त्यांतील दोन उल्लेखांविषयी आम्हांला येथे लिहावयाचे आहे. पहिला उल्लेख साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असतो, निदान असावयास हवा. दहाव्या शतकाच्या आरंभीच्या राजशेखराने 'काव्यमीमांसे'च्या तिसऱ्या अध्यायात एक कथा रचली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघतो. त्याला वश करण्यासाठी गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडते. आणि अखेर त्या दोघांचा गांधर्व विवाह होतो तो विदर्भातील वत्सगुल्म नगरात. काव्य आणि साहित्यविद्या यांचे लग्न आमच्या गावी लागले, ही गोष्ट वर्गात सांगताना आमचा आवाज नकळत थोडा चढतो, हे आम्ही मान्य करतो.

दुसरा उल्लेख मराठीच्या वर्गात बहुधा येत नाही. भास्कराचार्यांनी शके ११०५ मध्ये, म्हणजे इ. स. ११८३ मध्ये, 'करणकुतूहल' हा पंचांगगणिताचा ग्रंथ लिहिला. त्यातील एका श्लोकात पृथ्वीच्या मध्यरेषेवरची स्थळे ओळीने सांगितली आहेत : राक्षसांची पुरी लंका, देवकन्या, कांची, सितपर्वत, पर्यली, वत्सगुल्म, उज्जयिनी, गर्गराट, कुरुक्षेत्र आणि मेरू. दक्षिणोत्तर जाणारी ही रेषा म्हणजे त्या काळच्या भारतीय ज्योतिषाचे शून्य रेखावृत्त. ग्रहांची स्थाने या रेषेवरील वेळेसाठी काढावयाची आणि मग आपले गाव रेषेच्या पूर्वेस किंवा पश्चिमेस किती आहे ते पाहून 'देशांतर' संस्कार करावयाचा, अशी ती पद्धत. वाशिम शहरात मध्यमेश्वराचे देऊळ आहे. त्याच्या नावाचा संबंध परंपरा याच रेषेशी जोडते.

प्रस्तुत लेखाचे निमित्त मात्र आमचीच एक चूक आहे. आमच्यापैकी एकाने सुमारे वीस वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या वार्षिकांकात लिहिलेल्या लेखात 'प्राचीन काळी विषुववृत्त वाशिमवरून जात असे' असे वाक्य होते. ते वाक्य आम्ही इतरांनी तपासले होते आणि आमच्यापैकी कोणालाही ते खटकले नव्हते. पुढे बी. ए. च्या दुसऱ्या वर्षातील, मराठीबरोबर भूगोल घेतलेल्या एका विद्यार्थिनीने तो जुना अंक ग्रंथालयात वाचला आणि वर्गात विचारले, "सर, विषुववृत्त केनियातून जाते. ते वाशिमवरून केव्हा सरकले?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण उत्तर आमच्यापाशी नव्हते.

उत्तर शोधताना पहिला धागा भाषेतच सापडला. संस्कृत ज्योतिषात 'भूमध्यरेखा' म्हणजे लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी दक्षिणोत्तर रेषा. आजच्या हिंदीत मात्र 'भूमध्य रेखा' म्हणजे विषुववृत्त, पूर्वपश्चिम जाणारे. शब्द तोच राहिला आणि त्याचा अर्थ नव्वद अंशांतून फिरला. वऱ्हाडात हिंदी पुस्तके आणि हिंदी बातम्या घरोघरी. तेव्हा 'मध्यरेषा वाशिमवरून जाते' हे ऐकीव वाक्य हिंदीच्या वाटेने 'विषुववृत्त वाशिमवरून जाते' असे झाले असावे, असा आमचा तर्क आहे. शब्दार्थाच्या स्थित्यंतराचे याहून चांगले उदाहरण भाषाशास्त्राच्या तासाला द्यावयास आम्हांला दुसरे मिळालेले नाही. ज्यांचा व्यवसायच शब्दांचे अर्थ पाहण्याचा, त्यांनी हा अर्थ पाहिला नाही, ही लाज वेगळी.

एवढ्यावर थांबता आले असते. 'विषुववृत्त' खोडून 'रेखावृत्त' लिहिले की दुरुस्ती पुरी झाली असती. परंतु त्या विद्यार्थिनीचा पुढचा प्रश्न अधिक अडचणीचा होता : मध्यरेषा तरी खरोखर वाशिमवरून जाते काय? म्हणजे, उज्जैन, वाशिम आणि कुरुक्षेत्र खरोखर एका दक्षिणोत्तर ओळीत आहेत काय? हा प्रश्न टीकाग्रंथ उघडून सुटणारा नाही. त्यासाठी सूर्याकडे, चंद्राकडे आणि घड्याळाकडे पाहावे लागते.

आम्ही अंगणातून सुरुवात केली. एका २२ डिसेंबरला महाविद्यालयाच्या मोकळ्या जागेत ओळंबा लावून चार फुटांची लोखंडी सळई उभी रोवली. जुन्या ग्रंथांत हिलाच शंकू म्हणतात. मध्यान्ही तिची सावली तीन फूट साडेनऊ इंच भरली. त्रिकोणमितीच्या साध्या कोष्टकाने सूर्याची उंची साडेसेहेचाळीस अंश आली. तो दिवस दक्षिणायनाच्या अखेरचा, म्हणून सूर्य विषुववृत्ताच्या साडेतेवीस अंश दक्षिणेला. वजाबाकी करता वाशिमचा अक्षांश वीस अंश. नकाशात तो २० अंश ७ कला आहे. लोखंडी सळई, मोजपट्टी आणि बारावीचे गणित एवढ्यावर आपण विषुववृत्तापासून किती उत्तरेला आहोत हे कळते, आणि 'विषुववृत्त वाशिमवरून जाते' हे वाक्य दुपारी साडेबाराच्या आत खोटे ठरते. आमच्या पूर्वसूरींनी हे काम 'पलभे'ने केले. दिवस व रात्र समान असण्याच्या दिवशी बारा अंगुळांच्या शंकूची मध्यान्हीची छाया म्हणजे पलभा. वाशिमला ती सुमारे चार अंगुळे आणि चार दशांश येते. विषुववृत्तावर ती शून्य असती.

रेखांशाचे तसे नाही, आणि येथे खरी गंमत आहे. शंकूच्या भोवती वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्श करून आत येते आणि दुपारनंतर जेथून बाहेर पडते, ते दोन बिंदू जोडावेत. ही पूर्वपश्चिम रेषा. तिच्यावर लंब टाकला की दक्षिणोत्तर रेषा. ही रीत जुनी आणि अचूक आहे. पण अशी रेषा वाशिमला काढता येते तशीच अकोल्याला आणि परभणीलाही काढता येते. प्रत्येक गावाला स्वतःची दक्षिणोत्तर रेषा असते आणि स्वतःची मध्यान्ह असते. वाशिमची रेषा उज्जैनच्या रेषेला जाऊन मिळते की तिच्या बाजूने निघून जाते, हे वाशिमच्या सावलीत कोठेही लिहिलेले नसते. त्यासाठी वाशिमची मध्यान्ह झाली त्या क्षणी उज्जैनला किती वाजले होते हे कळावयास हवे.

पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. जुन्या मापात दिवसाच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळे. म्हणजे अंशाला दहा पळे. वेळेतील फरक हाच रेखांशातील फरक. हे रूपांतर बिनधोक करता येते, कारण पृथ्वीचे भ्रमण व्यवहारापुरते एकसारखे आहे. आणि ते एकसारखे आहे याचे कारण, फिरणाऱ्या वस्तूला बाहेरून पीळ देणारे काही नसेल तर ती त्याच वेगाने फिरत राहते, हा पदार्थविज्ञानाचा मूलभूत नियम. भास्कराचार्य पृथ्वी स्थिर मानीत. त्यांच्या सहाशे वर्षे आधी आर्यभटांनी ती फिरते असे म्हटले होते. गणित दोघांचेही सारखेच येते. आकाश फिरो वा पृथ्वी फिरो, अंशाला दहा पळेच. केवळ निरीक्षणाने सुटत नाहीत असेही प्रश्न असतात, आणि नियमाची गरज तेथे लागते, हे आमच्या विद्यार्थ्यांना या उदाहरणावरून फार चटकन कळले.

मध्यान्हीचा क्षण पकडणे मात्र वाटले त्याहून कठीण निघाले. सात विद्यार्थ्यांना आम्ही सांगितले की सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा वेळ लिहा. कोणी १२ वाजून १६ मिनिटे लिहिले, कोणी १२ वाजून २३. सात मिनिटांची तफावत! कोणी निष्काळजीपणा केला नव्हता. मध्यान्हीच्या सुमारास सावली जवळजवळ थांबते. अलीकडच्या-पलीकडच्या तीन मिनिटांत तिची लांबी अर्धा मिलिमीटरही बदलत नाही. त्यात सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे सावलीची कड सेंटिमीटरभर धूसर असते. मग आम्ही जुनी वर्तुळाची रीत वापरली. साडेपाच फूट त्रिज्येच्या वर्तुळाला सावलीने सकाळी १० वाजून ९ मिनिटांनी स्पर्श केला आणि दुपारी २ वाजून ३१ मिनिटांनी. मध्य काढला : १२ वाजून २० मिनिटे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. सूर्याच्या त्या दिवशीच्या गतीमुळे पडणारा दीड मिनिटाचा फरक मिळवला की वाशिम त्या रेखांशाच्या साडेएकवीस मिनिटे मागे, म्हणजे सुमारे ७७ अंशांच्या किंचित पलीकडे. नकाशात ७७ अंश ८ कला. ज्या क्षणी डोळा चुकतो तो क्षण सोडून, ज्या क्षणी डोळा चुकत नाही अशा दोन क्षणांचा मध्य घ्यावयाचा, ही युक्ती शोधणाऱ्या अनाम माणसाला आम्ही त्या दुपारी मनोमन नमस्कार केला.

परंतु या हिशेबात आम्ही एक गोष्ट नकळत उसनी घेतली होती, ती म्हणजे खिशातील मोबाइलचे घड्याळ. दुसऱ्या स्थळाची वेळ आम्हांला फुकट मिळाली होती. भास्कराचार्यांच्या काळी ती कोठून आणावयाची? तिचे उत्तर 'सूर्यसिद्धांता'त दिलेले आहे आणि ते विलक्षण सुंदर आहे : चंद्रग्रहण. सूर्यग्रहण ज्या त्या ठिकाणी वेगवेगळ्या वेळी लागते, कारण तेथे चंद्राची सावली पृथ्वीवरून सरकत जाते. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. ती घटना चंद्रावर घडते, म्हणून ज्यांना ज्यांना चंद्र दिसतो त्या सर्वांना ती एकाच क्षणी दिसते. आकाशात टांगलेले हे सर्वांचे सामाईक घड्याळ. मध्यरेषेसाठी गणिताने काढलेल्या वेळेनंतर ग्रहण दिसले तर आपण रेषेच्या पूर्वेस, आधी दिसले तर पश्चिमेस. फरक जितका, तितके देशांतर. सतराव्या-अठराव्या शतकांपर्यंत युरोपातील नाविकांनाही रेखांश कसा काढावा हा प्रश्न छळत होता. ब्रिटिश पार्लमेंटने १७१४ मध्ये त्यासाठी बक्षीस लावले, हे लक्षात घेतले म्हणजे या युक्तीचे मोल कळते.

आता श्लोक नकाशाशी ताडून पाहू. उज्जैनचा रेखांश ७५ अंश ४६ कला. वाशिमचा ७७ अंश ८ कला. फरक १ अंश २२ कला. जमिनीवर सुमारे १४० किलोमीटर. वेळेत साडेपाच मिनिटे, म्हणजे जवळजवळ चौदा पळे. कुरुक्षेत्राचा रेखांश सुमारे ७६ अंश ५० कला. तेथून वाशिमचा फरक अवघा तीन पळांचा. म्हणजे वाशिम आणि कुरुक्षेत्र जवळजवळ एका ओळीत आहेत आणि ज्या उज्जयिनीच्या आधारे सारी मध्यरेषा ओळखली जाते, तीच पश्चिमेला सरकलेली आहे! कांचीची गोष्ट आणखी निराळी. तिचा रेखांश ७९ अंश ४२ कला, उज्जैनपासून फरक एकोणचाळीस पळांचा. तेव्हा त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, नाही. ही स्थळे एका ओळीत नाहीत.

या उत्तरावर दोन प्रतिक्रिया आम्हांला ऐकावयास मिळाल्या. गावातील काही स्नेह्यांना ते आवडले नाही. "आपल्याच गावचे महत्त्व आपणच का कमी करता?" असा त्यांचा सूर होता. उलट काही तरुण प्राध्यापक मित्रांनी ते हसण्यावारी नेले : सर्व जुने असेच असते, देऊळ दाखवून रेषा सांगतात. दोन्ही प्रतिक्रियांत आम्हांला एकच दोष दिसतो. चौदा पळे हा आकडा दोघांनीही ऐकला नाही. एकाला तो लपवावासा वाटला, दुसऱ्याला तो मोजण्याच्या योग्यतेचा वाटला नाही.

तो आकडा ऐकला तर काय कळते? चंद्र आकाशात ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तासाला साधारण आपल्याच व्यासाइतका सरकतो. म्हणजे एका मिनिटात व्यासाच्या साठाव्या भागाइतका. पृथ्वीच्या वातावरणामुळे तिच्या सावलीची कड धूसर असते. नुसत्या डोळ्यांनी ग्रहणाचा स्पर्श टिपताना दोन-तीन मिनिटे इकडेतिकडे होणारच. त्यात वेळ मोजावयाची ती घटिकापात्राने, म्हणजे तळाला छिद्र असलेली वाटी पाण्यात बुडते त्यावरून. तिचीही काही मिनिटांची चूक धरा. साडेपाच मिनिटांचा फरक हा त्या साधनांच्या हाताबाहेरचा नव्हता खरा, पण फारसा आतलाही नव्हता. कांचीचा सोळा मिनिटांच्या जवळ जाणारा फरक मात्र डोळ्याच्या चुकीने समजून घेता येत नाही. यावरून श्लोकातील यादी ही एकाच पद्धतीने मोजलेल्या स्थळांची यादी म्हणून वाचता येणार नाही; त्यात मोजलेलेही असेल, वाटसरूंच्या अंतरांवरून ठरवलेलेही असेल आणि केवळ परंपरेने चालत आलेलेही असेल. श्लोकात नावे आहेत, निरीक्षणे नाहीत. पाठांतराला सोयीच्या त्या वृत्तबद्ध ओळीत नावांना जागा मिळाली, बाकीला मिळाली नाही. आम्हां साहित्याच्या माणसांनी सांगावे असे काही या प्रकरणात असेल तर ते हेच. छंदाने ज्ञान टिकवले आणि त्याच छंदाने त्यातील संशयाची जागा बुजवून टाकली.

भास्कराचार्यांच्या बाबतीत याहून मोठ्या प्रमाणावर हीच गफलत रोज होते. 'सिद्धांतशिरोमणी'च्या गोलाध्यायात त्यांनी असे म्हटले आहे की पृथ्वीच्या ठायी आकर्षणाची शक्ती असून तिच्यामुळे जड वस्तू तिच्याकडे ओढल्या जातात. विधान सुंदर आहे आणि ते ११५० चे आहे. त्यावरून 'न्यूटनच्या आधी पाचशे वर्षे गुरुत्वाकर्षणाचा नियम आपल्याकडे होता' असे वक्तृत्वस्पर्धांत दर वर्षी ऐकू येते. पण विधान आणि नियम यांत फरक आहे. न्यूटनने १६८७ मध्ये सांगितले ते केवळ 'पृथ्वी ओढते' एवढे नव्हे. किती ओढते आणि अंतराबरोबर ती ओढ कशी घटते, हे सांगितले. चंद्र पृथ्वीच्या साठ त्रिज्यांवर. तर तेथे ही ओढ साठाच्या वर्गाने, म्हणजे ३६०० पटींनी, कमी असावयास हवी. आणि चंद्राची कक्षा पाहता ती तेवढीच असल्याचे दिसते. आकडा जुळला नसता तर नियम सोडावा लागला असता. ज्या वाक्याला असा धोका असतो ते नियमाच्या पंक्तीला बसते. भास्कराचार्यांचे मोठेपण ज्या ठिकाणी आहे, म्हणजे त्यांच्या गणितात, तेथे ते पाहण्याचे कष्ट टाळून आपण त्यांना नको त्या खुर्चीवर बसवतो, आणि त्यात त्यांचा सन्मान होतो असे आम्हांला वाटत नाही.

आकडा न जुळल्यावर काय करावयाचे असते, याचे एक उदाहरण वऱ्हाडच्या शेजारीच आहे. विल्यम लँबटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला आणि पुढे कन्याकुमारीकडून उत्तरेकडे जाणारा रेखावृत्ताचा मोठा कंस मोजत ते विदर्भापर्यंत आले. जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तेथेच आहे. हा कंस ७८ अंश रेखांशाच्या जवळून, म्हणजे वाशिमच्या थोडा पूर्वेकडून, गेला. आमच्या मुलखातून दोन मध्यरेषा गेल्या म्हणावयाच्या : एक श्लोकातील, दुसरी साखळीने आणि थिओडोलाइटने मोजलेली. लँबटन यांचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. तेथे एक बाकी उरली. कलियाना आणि कलियानपूर या दोन ठाण्यांमधील अक्षांशाचा फरक जमिनीवरील मोजणीने एक येई आणि ताऱ्यांवरून दुसरा. तफावत सव्वापाच विकलांची. एका अंशाच्या साडेसहाशेव्या भागाहूनही लहान. ती पुसून टाकणे सोपे होते. परंतु कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी विचारले की हिमालयाचे वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढत तर नसेल? गणित केले तर ओढ सुमारे सोळा विकलांची यावयास हवी होती. आता उलट बाजूने बाकी उरली. तिच्यातून १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी कल्पना मांडली की पर्वतांची हलकी मुळे खाली खोल गेलेली असून ते जणू तरंगत उभे आहेत. पर्वतांच्या खाली काय आहे हे कोणी खणून पाहिले नव्हते; ते ओळंब्याच्या चुकीत वाचले गेले.

आणि ज्यांना वाटते की चुकलेली रेषा ही केवळ आपल्याच नशिबी आहे, त्यांच्यासाठी ग्रिनिच. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेत ग्रिनिचचे रेखावृत्त शून्य म्हणून स्वीकारले गेले. पर्यटक तेथील धातूच्या पट्टीच्या दोन बाजूंस पाय ठेवून छायाचित्र काढतात. उपग्रहांच्या आधारे आज जे शून्य रेखावृत्त वापरले जाते ते त्या जुन्या रेषेच्या सुमारे १०२ मीटर पूर्वेकडून जाते. कारण पुन्हा तेच : जुन्या दुर्बिणीची उभी दिशा तेथील स्थानिक गुरुत्वाकर्षणाने ठरवलेली, उपग्रहांची पृथ्वीच्या केंद्राने, त्यामुळे रेखांशात पाच विकलांचा फरक. ग्रिनिचच्या लोकांनी जुनी रेषा उखडली नाही आणि नवी लपवलीही नाही.

आमच्या परंपरेत ही वृत्ती नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'दृक्प्रत्यय' हा शब्द आमचाच आहे : गणिताने जे आले ते डोळ्यांना दिसले पाहिजे. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहिले ते जुन्या कोष्टकांत आणि आकाशात पडलेले अंतर दूर करण्यासाठी. तीनशे वर्षांनी ग्रहलाघवातच अंतर पडले. तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या वेधांवर आधारलेले पंचांग सिद्ध केले आणि आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ पासून, ते निघू लागले. सणवार बदलतील म्हणून त्याला विरोध झाला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात अशा सर्व दुरुस्त्यांचा इतिहास मराठीत, आणि तोही उत्तम मराठीत, लिहून ठेवला. शाळाखात्यात नोकरी करणाऱ्या माणसाचे हे लेखन एम. ए. मराठीच्या गद्यविषयक अभ्यासक्रमात क्वचितच दिसते. निबंधमालेचे गद्य आम्ही शिकवतो आणि ते शिकवावे. पण ज्या गद्यात विधान, पुरावा आणि बाकी यांचा हिशेब वाक्यागणिक चुकता केलेला असतो, ते गद्यही विद्यार्थ्यांच्या हाती पडावयास हवे.

राजशेखराकडे परत येऊ. वत्सगुल्मात काव्यपुरुषाचे लग्न झाले हे वाक्य आम्ही पुढेही सांगणार आहोत, आणि आवाज चढला तरी त्याबद्दल खंत वाटणार नाही. त्या वाक्याला सावली मोजण्याची गरज नाही. विदर्भातील काव्यरीतीचा गौरव करण्यासाठी रचलेली ती कथा आहे आणि कथा म्हणूनच ती खरी आहे. भास्कराचार्यांचा श्लोक त्याच संस्कृतात, तसाच वृत्तात आहे, पण त्याने आपल्याशी केलेला करार निराळा आहे. तो म्हणतो : येथे रेषा आहे, पाहा. न पाहता त्याचा जयजयकार करणे म्हणजे त्याला कथेत काढणे होय. कोणते वाक्य कसे वाचावे हे शिकवणे हाच तर आमचा धंदा. आणि त्या धंद्यात आम्हीच वीस वर्षांपूर्वी चुकलो. त्या वार्षिकांकाच्या ग्रंथालयातील प्रतीत आता शुद्धिपत्राची चिठ्ठी डकवलेली आहे. ती त्या विद्यार्थिनीच्या हातची आहे. 'विषुववृत्त' या शब्दाऐवजी 'मध्यरेषा' असे वाचावे, एवढे लिहून तिने खाली जोडले आहे : उज्जैनपासून फरक पूर्वेस चौदा पळे.

३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे आणि ते भारतातून दिसेल. हिवाळ्यातील रात्र, आकाश बहुधा निरभ्र. त्या रात्री वाशिमला आणि उज्जैनला विद्यार्थ्यांचे दोन गट बसवावेत, दोघांनी आपापल्या गावच्या मध्यान्हीला लावलेली घड्याळे वापरावीत, मोबाइल बंद ठेवावेत आणि ग्रहणाचा स्पर्श, संमीलन, उन्मीलन आणि मोक्ष यांच्या वेळा लिहून एकमेकांना पाठवाव्यात, असा आमचा विचार आहे. साडेपाच मिनिटे येतील की चार की आठ, पाहू. उज्जैनच्या एखाद्या महाविद्यालयातील कोणी हे वाचत असतील तर त्यांनी अवश्य कळवावे. मराठीचे विद्यार्थी असले तरी चालतील.